ज्यांना काही झालं नव्हतं

गिळता न येणाऱ्या माणसांसोबत माझी सगळी नोकरी गेली. वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून रुजू झाले तेव्हा नातेवाइकांना वाटायचं, ही बोबड्या मुलांना बोलायला शिकवत असेल. तेही केलं. पण खरी वर्षं गेली ती पक्षाघात, कंपवात आणि घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या खाटेशेजारी, चमचाभर पाणी पुढे करून त्यांच्या गळ्याकडे बघत. त्या रुग्णांनी मला घडवलं, हे मी अनेकदा बोलून दाखवलं आहे. मला शिकवणाऱ्या बाईंबद्दलही बोलले आहे. ज्यांच्याबद्दल कधीच बोलले नाही, त्यांना काहीही झालेलं नव्हतं. ते धडधाकट होते, माझ्याकडे येण्याचं त्यांना काही कारण नव्हतं, आणि तरीही ते आले. हनुवटीखाली पॅच लावून घेऊन बसले आणि मी सांगितलं तितकं पाणी गिळून गेले. त्यांचं देणं मला मांडायचं आहे.

ते काय देऊन गेले हे कळण्यासाठी आधी थोडं स्नायूंची वीज मोजणाऱ्या यंत्राबद्दल सांगायला हवं.

स्नायू आखडतो तेव्हा त्यात वीज निर्माण होते. इटलीतल्या लुइजी गॅल्व्हानीने बेडकाच्या पायावरचे आपले प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध केले, तिथून या विषयाची सुरुवात धरतात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बर्लिनमध्ये एमील द्यु ब्वा-रेमाँ याने माणसाने स्वतःहून आवळलेल्या स्नायूची वीज मोजून दाखवली. कातडी ही वीज अडवते, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणून त्याने हातावर फोड आणवला, वरची कातडी काढली आणि उघड्या मांसावरून मोजणी केली. आज आम्ही स्पिरिटच्या बोळ्याने त्वचा पुसतो, जेल लावतो आणि चांदीच्या क्षाराचा लेप असलेले चकतीएवढे इलेक्ट्रोड चिकटवतो. कुणाला काही दुखत नाही. पण हे ज्ञान मुळात कुणाच्या तरी अंगावरच्या फोडातून आलं आहे, हे मी दर नव्या तुकडीला सांगते.

चघळण्याकडे हे तंत्र वळलं ते दातांच्या डॉक्टरांमुळे. वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या शाखेतल्या रॉबर्ट मॉयर्स यांनी १९४९ साली जबड्याच्या स्नायूंची अशी मोजणी प्रसिद्ध केली. गिळण्याचा पाया १९५६ साली रॉबर्ट डोटी आणि जेम्स बोस्मा यांनी घातला. त्यांनी प्राण्यांच्या तोंडा-घशातल्या कितीतरी स्नायूंची वीज एकाच वेळी टिपली आणि दाखवलं की, गिळताना हे स्नायू ठरलेल्या क्रमाने पेटतात आणि ठरलेल्या क्रमाने विझतात. तो क्रम मेंदूच्या देठात लिहिलेला आहे. दिवसभरात आपण पाचशेच्या पुढे वेळा गिळतो, त्यातलं बहुतेक नकळत. घोट घशाशी पोचला की पुढचं सगळं साधारण एका सेकंदात होतं. तेवढ्यात श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिकेचं तोंड मिटतं, अन्ननलिकेचं उघडतं. हनुवटीखालचे स्नायू या सगळ्याच्या आरंभी कामाला लागतात, म्हणून आम्ही पॅच तिथे लावतो. चघळण्यासाठी जबड्याच्या कोनावरचा मॅसेटर आणि कानशिलावरचा टेंपोरॅलिस. दात आवळा म्हटलं की दोन्ही बोटाखाली टरारून वर येतात.

आमच्या रुग्णालयात हे यंत्र आलं ते न्यूरॉलॉजी विभागाने नवं घेतल्यावर बाजूला ठेवलेलं. बाईंनी ते मागून घेतलं. माझी घाई अशी की, रुग्ण रांगेत बसलेत, त्यांनाच लावू या. बाई म्हणाल्या, "लावशील, आणि रेघ आली की वाचणार कशाच्या आधाराने?"

प्रश्न अगदी बरोबर होता. परदेशी पुस्तकांत निरोगी माणसांचे आलेख होते, पण बरेचसे विद्यापीठातल्या तरुण मुलामुलींचे. तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात, आणि चघळायला च्युइंगगम किंवा सफरचंदाची फोड. आमचा रुग्ण साठीच्या पुढचा, दाढा पडलेल्या, जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्लेला. शिवाय या मोजणीत एक मोठी मेख आहे. एकाच्या आलेखाची उंची दुसऱ्याच्या आलेखाशी सरळ ताडून बघता येत नाही. कातडीखाली चरबी किती, इलेक्ट्रोडमधलं अंतर किती, जबड्याची ठेवण कशी, यावर आकडा बदलतो. म्हणून आधी कापसाची गुंडाळी दाढेखाली देऊन माणसाला जीव खाऊन चावायला सांगायचं, तो त्याचा स्वतःचा कमाल आकडा धरायचा, आणि घास चावताना त्यातला किती हिस्सा खर्च होतो ते बघायचं. वेळ मात्र ताडता येते, म्हणजे स्नायू केव्हा जागा झाला, किती टिकला, डावा आधी की उजवा. पण त्यासाठीही आपल्या माणसांची, आपल्या वयाची, आपल्या जेवणाची मोजमापं हातात हवीत. बाईंनी सांगितलं, "आधी निरोगी माणसं आण. रुग्ण नंतर."

निरोगी माणूस मिळवणं किती अवघड असतं याची मला तोवर कल्पना नव्हती. आजारी माणूस आशेने येतो. निरोगी माणसाने का यावं? आम्ही देणार होतो एक कप चहा. नैतिक समितीची परवानगी झाली, मराठीतला संमतीचा अर्ज झाला, आणि पहिली आली ती आमच्याच वॉर्डातली मावशी. सोलापूरकडची, पन्नाशी उलटलेली, दिवसभर बेडपॅन आणि चादरी उचलणारी. तिने अर्ज वाचून घेतला, दोनदा विचारलं की शॉक बसतो का, आणि अंगठा नको, सहीच करते म्हणाली.

पॅच लावले, तारा जोडल्या, पाच मिलिलिटर पाणी सिरिंजने तोंडात दिलं. "मावशी, गिळा." मावशी गिळेना. पाणी तोंडात तसंच. शेवटी कसंबसं गिळून म्हणाली, "म्याडम, तुमी अशा बगत बसलात की गिळवत न्हाई."

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला खुर्ची फिरवून बसायला सांगितलं आणि मावशीशी तिच्या गावच्या हुरड्याबद्दल बोलायला लागल्या. मावशी ऐकता ऐकता लाळ गिळत होती आणि कागदावर एकेक उंचवटा उमटत होता. हुकमाने गिळलेला घोट आणि आपसूक गिळलेला घोट यांचे आलेख सारखे येत नाहीत, हे मी त्या दुपारी पाहिलं. पुस्तकांत ते आहे. पण मावशी बोलली म्हणून आमच्या विभागात तेव्हापासून दोन्ही वेगळे नोंदले जातात, आणि रुग्णाला पहिल्या पाच मिनिटांत कुणी "गिळा" म्हणत नाही. ही पद्धत तिची आहे. कुठल्याही शोधनिबंधात तिचं नाव येणार नाही, कारण नावं लिहायची नसतात.

मावशीने मग माणसं आणली. लाँड्रीतले, स्वयंपाकघरातले, लिफ्टमन. ड्रेसिंग रूममधल्या एका मामांना दाढी होती, धर्माने ठेवलेली. केसांवर पॅच नीट बसत नाही. मामा म्हणाले, "दाढी तर नाही काढता येणार, पण भावाला आणतो." आणि खरंच दुसऱ्या दिवशी भावाला दुकान बंद ठेवून घेऊन आले.

मोजणी करणारा माणूसही इथे विसरून चालणार नाही. बायोमेडिकल विभागातल्या काकांशिवाय यातला एकही आलेख निघाला नसता. स्नायूची वीज व्होल्टच्या काही लक्षांश भागांपासून फार तर काही हजारांश भागांपर्यंत भरते. आणि आसपास घरगुती विजेचा ५० हर्ट्‌झचा गुणगुणाट सतत चालू, पंख्यातून, ट्यूबलाइटच्या चोकमधून, भिंतीतल्या वायरीतून. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना शेजारच्याची कुजबुज ऐकायची, तसं ते काम. काकांनी खोलीचं अर्थिंग स्वतंत्र करून घेतलं, तारा वेणीसारख्या पिळून टेपने बांधल्या, पंखा बंद करायला लावला. मे महिन्यात बंद खोलीत घामाने पॅच सुटायचे, तेव्हा ते ओल्या फडक्याने मडकं गुंडाळून आणून ठेवायचे. प्रत्येक दुरुस्तीनंतर स्वतःच्या गालाला इलेक्ट्रोड लावून दात आवळून बघायचे. आमच्या वहीत सर्वाधिक नोंदी काकांच्या मॅसेटरच्या आहेत, आणि त्या एकाही निष्कर्षात धरलेल्या नाहीत. त्या फक्त बाकीच्यांच्या नोंदी खऱ्या ठराव्यात म्हणून आहेत.

चघळायला काय द्यायचं हेही लोकांनीच शिकवलं. आम्ही शेंगदाणे, ओल्या खोबऱ्याचा तुकडा आणि ज्वारीची भाकरी ठरवली, सोनाराकडच्यासारख्या छोट्या काट्यावर तोलून. स्वयंपाकघरातल्या बाईने पहिल्याच दिवशी विचारलं, "भाकरी कुठली घेताय? पापुद्र्याची की खालच्या अंगाची? ताजी की सकाळची?" तिने सांगितलं तसं वेगळं तोललं, आणि मॅसेटरने तिची बाजू घेतली. गार झालेल्या भाकरीला ताज्यापेक्षा जास्त चावे आणि जास्त जोर लागत होता. जपानमध्ये काओरू कोहयामा यांनी भातापासून कितीतरी पदार्थांवर अशाच मोजण्या करून, पदार्थाचा पोत स्नायूच्या भाषेत मांडला आहे. आमच्या भाकरीवर तसं काम अजून व्हायला हवं, आणि ते करणाऱ्याने आधी स्वयंपाकघरात जाऊन विचारावं.

ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रातून आलेल्या आजोबांनी तर आमचा आराखडाच बदलला. खुर्चीत बसल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "कवळीसकट की कवळीशिवाय?" आम्ही याचा विचार केला नव्हता. दोन्ही करू या, म्हणाले. अनोळखी पोरींसमोर कवळी काढून वाटीत ठेवणं त्या वयाच्या शिस्तीच्या माणसाला सोपं नसतं. त्यांनी ती काढली, रुमालाने तोंड पुसलं आणि दुधात कुस्करलेली भाकरी चघळून दाखवली. कवळी असलेल्या माणसाचा चावण्याचा जोर मूळच्या दातांपेक्षा बराच कमी पडतो आणि तो घास जास्त वेळ घोळवतो. हे माहीत नसेल तर एखाद्या म्हाताऱ्या रुग्णाच्या साध्या कवळीला आपण पक्षाघाताची खूण समजून बसू. ती शक्यता आजोबांनी मिटवली.

एक गोष्ट मात्र मला आजही अस्वस्थ करते. तरुण पुरुष हवे होते म्हणून रुग्णालयाबाहेरच्या रिक्षा स्टँडवर विचारलं. मुलं उत्साहाने आली. नोंदणीच्या वेळी तोंड उघडायला सांगायचं आणि त्यांचीच तीन बोटं उभी आत जातात का बघायचं, असा साधा नियम होता. एकामागून एक मुलांची दोन बोटंही जाईनात. गालाच्या आतली कातडी पांढरट, ताठ. सुपारी, गुटखा, मावा. ती मुलं स्वतःला ठणठणीत समजत होती. तोंड आखडण्याचा हा आजार डॉक्टरांच्या लेखी येऊन तेव्हाच पन्नास वर्षं होत आली होती. श्वार्ट्‌झ यांनी १९५२ साली पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये त्याची नोंद केली आणि १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशींनी आपल्या इथल्या रुग्णांवरून त्याचं वर्णन केलं. त्यातून कर्करोग होऊ शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, तरी माझ्या रुग्णालयाच्या कोपऱ्यावर सुपारीच्या पुड्यांची माळ आजही लटकते. त्या मुलांना आम्ही दंतविभागात पाठवलं. निरोगी म्हणून बोलावलं आणि आजार सांगून परत पाठवलं. तरी त्यातल्या एकाने स्टँडवरच्या सगळ्यांना रांगेत उभं करून तोंडं तपासायला लावली. त्याचा आलेख आमच्या वहीत नाही. त्याचं देणं आहे.

अशी ती वही भरत गेली. तिचा पहिला खरा उपयोग मला ज्या रुग्णासाठी झाला, ते सांगली जिल्ह्यातले वारकरी कीर्तनकार होते. मेंदूच्या देठाच्या बाजूला रक्तपुरवठा खंडित झालेला. अडॉल्फ वॉलेनबर्गने १८९५ साली या दुखण्याचं नेमकं वर्णन केलं, म्हणून त्याच्या नावाने ओळखतात. यात हातापायातली ताकद शाबूत राहते, त्यामुळे घरच्यांना पक्षाघात वाटतच नाही. चक्कर, उचकी, बसलेला आवाज, आणि घोट खाली उतरत नाही. बुवा लाळसुद्धा वाटीत थुंकत होते. नाकात अन्नासाठी राइल्स ट्यूब. शब्दावर जगलेला माणूस, तोंड मिटून बसलेला.

व्हिडिओफ्लोरोस्कोपी, म्हणजे गिळतानाची क्ष-किरण चित्रफीत, झाली. ती करावीच लागते, हे स्पष्ट सांगायला हवं. हनुवटीखालचा पॅच स्नायूंचा जोर आणि वेळ सांगतो. पाणी श्वासनलिकेत शिरलं की नाही, हे तो सांगत नाही, आणि तिथल्या तीन-चार स्नायूंपैकी नेमका कुठला बोलतोय तेही सांगत नाही. नुसत्या पॅचवर कुणी तुम्हाला खायची परवानगी देत असेल तर घेऊ नका.

पण शिकवण्यासाठी त्या रेघेसारखं दुसरं साधन नाही. तुर्कस्तानातल्या इझमिरचे न्यूरॉलॉजिस्ट जुमहूर एर्तेकिन यांनी १९९६ साली दाखवलं की, निरोगी माणूस २० मिलिलिटर पाणी एका घोटात गिळतो. गिळण्याचा आजार असलेल्याला तेवढ्याचे, किंवा त्याहून कमी पाण्याचेही, दोन-तीन घोट करावे लागतात. आमच्या वहीतली माणसंही २० मिलिलिटर एका दमात गिळत होती. बुवांचे ३ मिलिलिटरचेच चार तुकडे होत होते. बुवांना शिकवायच्या मेंडेलसन पद्धतीत स्वरयंत्र वर उचललं गेलं की ते क्षणभर तिथेच धरून ठेवायचं असतं. तोंडी सांगून हे कुणाला समजत नाही, कारण ज्या स्नायूंना आपण जन्मात कधी हुकूम दिला नाही त्यांना हुकूम द्यायचा असतो. स्क्रीनवर आपली रेघ चढताना दिसली की माणूस तिला वर धरायचा प्रयत्न करतो. जोडीला पाठीवर झोपून फक्त डोकं उचलायचा शेकर यांचा व्यायाम.

घोट कसा दिसायला हवा ते कळावं म्हणून स्क्रीनशेजारी मी वहीतला एक आलेख छापून चिकटवला होता, नाव नसलेला. बुवा रोज त्याच्याकडे बघायचे. एक दिवस घोगऱ्या आवाजात विचारलं, "हा घोट कुणाचा?"

मी मावशीला विचारलं, सांगू का म्हणून. तीच ड्युटी संपल्यावर आली. बुवा खाटेवरून उतरले, "माउली" म्हणाले आणि तिच्या पायांकडे वाकले. मावशी मागे सरकली आणि तीही वाकली. वारीत दोन अनोळखी माणसं भेटली की करतात तसं. मग ती म्हणाली, "बुवा, मला बी जमत नव्हतं पयल्या दिवशी. ह्या बगत बसल्या की न्हाई जमत. डोळं मिटा." बुवांनी त्या दिवशी डोळे मिटून सराव केला.

बुवा जेवायला लागले. मऊ भात, पिठलं, दुधातली भाकरी. शेंगदाणे त्यांना पुन्हा कधी जमले नाहीत आणि आवाजही पूर्वीचा आला नाही. पण राइल्स ट्यूब निघाली. त्यांचे घरचे मला पेढे द्यायला आले तेव्हा मी अर्धे वॉर्डात पाठवले, अर्धे काकांकडे.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या जेरी लोगमन यांच्या १९८३ सालच्या पुस्तकावर माझ्या पिढीतले सगळे गिळण्याचे उपचारतज्ज्ञ वाढले, मीही वाढले. त्यांचं ऋण मोठं आहे. पण त्यांच्या पुस्तकातलं मी माझ्या वॉर्डातल्या माणसाला लावू शकले, ते मावशी, लिफ्टमन, मामांचा भाऊ, स्वयंपाकघरातली बाई आणि कवळी काढून ठेवणारे आजोबा यांच्यामुळे. रुग्णाला निदान मिळालं, उपचार मिळाले. मला पदव्या मिळाल्या. त्यांना चहा मिळाला. वैद्यकातला "नॉर्मल" हा शब्द आपण रोज वापरतो, रक्तातल्या साखरेपासून हृदयाच्या आलेखापर्यंत. त्या प्रत्येक आकड्यामागे अशी काही माणसं आहेत, ज्यांनी गरज नसताना आपला दंड, आपला गळा, आपली दुपार पुढे केली.

वही आता विभागाच्या संगणकावर आहे आणि शिकणाऱ्या मुली तीच वापरतात. पण तिच्यात ऐंशीच्या पुढचे फार थोडे आहेत, बायका पुरुषांपेक्षा कमी आहेत, आणि कोकणातली, विदर्भातली, भात खाणारी माणसं जवळजवळ नाहीत. म्हणून ही विनंती. तुमच्या गावच्या रुग्णालयात किंवा महाविद्यालयात कुणी विद्यार्थिनी संमतीचा अर्ज घेऊन आली आणि म्हणाली की, तुम्हाला काही झालेलं नाही म्हणूनच तुम्ही हवे आहात, तर अर्ज पूर्ण वाचा, शंका असतील त्या विचारा, नको वाटलं तर नाही म्हणा. पटलं तर बसा. अर्धा तास लागतो, दुखत नाही. दाढी चालत असेल तर सकाळी करून या, आणि कवळी असेल तर सोबत वाटी आणा.